हेमंतचा उशिरा येणारा हात

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट माहीत नाही. आधी खेळाबद्दल बोलतो, ते सोपं आहे.

२०१५च्या आसपासची गोष्ट. मी सिंगापूरला रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत सॉफ्टवेअरवाला. हेमंत माझ्यासारखा पुण्याचाच, तिथल्या विद्यापीठात पोस्टडॉक संशोधक. दर शनिवारी दुपारी बेडोकला त्याच्या फ्लॅटवर आम्ही व्हिडिओ गेम खेळायचो. तिशी ओलांडलेले दोन घोडे — हसा खुशाल. स्क्रीनवर तरंगता मंच, त्यावर दोन पात्रं. समोरच्याला मंचाबाहेर ढकलायचं, आणि तो कडेला लटकून वर यायला लागला की त्याला गाठायचं. आमचा एकच नियम होता : नवा डाव सापडला की आधी एकमेकांना दाखवायचा.

मला एक डाव सापडला. कडेजवळ उडी मारायची आणि ती मध्येच तोडून झटकन वार करायचा. उडी तीच दिसते, वार मात्र निम्म्या वेळात येतो, समोरच्याने ढाल उचलून तो अडवायच्या आत. घरी एकट्याने तो मी घोटून पक्का केला. आणि हेमंतला दाखवला नाही.

एवढंच असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. लपवणं वेगळं. मी जे केलं ते — थांबा, सांगतो.

तीन महिने मी सरावात तीच उडी मारत राहिलो, पण वार मुद्दाम उशिरा करायचो. 'थांब, घाई करू नकोस, मग ढाल उचल,' असं मीच त्याला शिकवायचो. तो बिचारा शिकला. कौतुकाने म्हणायचा, "तुझ्यामुळे सुधारतोय रे मी." त्याच्या बोटांना थांबायची सवय लागेपर्यंत मी थांबलो. केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

मग तिथल्याच एका छोट्या गेमिंग स्पर्धेत आम्ही समोरासमोर आलो. कडेशी मी उडी मारली — आणि वार लगेच केला. त्याची ढाल उशिरा आली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाही. मागे उभा असलेला एक स्थानिक खेळाडू हसला, "अय्यो, युअर फ्रेंड टुडे सो स्लो लाह!"

हेमंत हसला नाही. कंट्रोलर खाली ठेवून तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. आणि तो काय बघतोय, ते मला कळलं. कारण मला माहीत होतं — त्याच्या वडिलांना कंपवात होता. पन्नाशीच्या आतच सुरू झालेला. त्यांचंही आधी हात मंदावण्यापासूनच सुरू झालं होतं, हे त्यानेच मला सांगितलं होतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम. माझं जाणार काय होतं — एक प्लास्टिकचा कप आणि चारचौघांतली शाबासकी? पण ऐकून तो माझ्याकडे कसा बघेल, याचीच मला भीती वाटली. 

पंधरा दिवसांनी तो मला नोव्हेनाला घेऊन गेला, मेंदूच्या डॉक्टरांकडे. एकट्याने जायची त्याला हिंमत होत नव्हती. बाहेर खुर्च्यांवर बसलो होतो. तो अंगठ्यावर बोट टेकवत होता, पुन्हा पुन्हा, मनात मोजत. मग हलक्या आवाजात म्हणाला, "माझ्याशी तूच सगळ्यात जास्त खेळतोस. खरं सांग — माझा हात उशिरा येतोय ना?"

आणि मी म्हणालो, "थोडासा."

का? मला आजही भीती वाटते ती या शब्दाची. 'नाही' म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग त्या दिवशी काय झालं? तेवढं टाळायला मी त्याला आजार देऊन टाकला.

डॉक्टर म्हणाले, काही नाही. तो म्हणाला, बाबांनाही आधी काही नाहीच म्हणाले होते. त्याने खेळ सोडला, आणि वर्षभरात तो पुण्याला परतला.

पुढे एकदा त्याचा फोन आला तेव्हा मी एमआरटीच्या फलाटावर होतो. दोन्ही घरांना पसंत असलेल्या मुलीला त्याने नकार कळवला होता. त्याला ती आवडली होती की नाही, हे विचारायच्या आत तोच म्हणाला, मला ती फार आवडली होती रे. "पण तिच्या गळ्यात हे कशाला बांधू? डॉक्टरांचं सोड, तू तर डोळ्यांनी पाहिलंयस."

मी म्हणालो, "हं."

गाडी आली, मी चढलो. त्या मुलीचं नाव मी विचारलं नाही. त्याने अजून लग्न केलेलं नाही, आणि मी त्याला अजून सांगितलेलं नाही.