नवा नियम येईपर्यंत

डहाणूला, मसोलीच्या मागच्या अंगाला एका फुग्यांच्या कारखान्यात मला युरोपचे कायदे वाचायची नोकरी होती. हे ज्याला सांगितलं तो हसला. पण खरंच होती. आमच्याकडचे फुगे तिकडे जायचे, आणि तिथली पोरं ते तोंडात धरून फुगवणार म्हणून त्या रबरात काय काय उतरलंय याची तिथल्या लोकांना फार काळजी असायची. मी कायद्याची दोन वर्षं शिकले होते, तिसऱ्या वर्षाच्या आधी लग्न झालं. तेवढ्या शिक्षणावर शेठनी मला ठेवून घेतलं. २०१६ च्या आसपासची ही गोष्ट.

तिकडच्या खरेदीदाराकडून इंग्रजी कागद यायचे. ते वाचून शेठना मराठीत सांगायचे, रबरात रसायनं मिसळणाऱ्याला त्याच्या कामापुरते सांगायचे, आणि पाकिटावरची धोक्याची सूचना तपासायची, हे माझं काम. लहान मुलांना गुदमरण्याचा धोका, असं तिकडच्या सगळ्या भाषांत छापलेलं असायचं. इंग्रजी सोडली तर त्यातलं मला एक अक्षर कळत नव्हतं, पण ‘गुदमरणे’ हा शब्द मी प्रत्येक भाषेत नुसत्या आकारावरून ओळखायला लागले होते. तलासरीकडून जीपमधून येणाऱ्या पॅकिंगच्या बायका मला चिडवायच्या, की हिला आता गुदमरायलाही वीस भाषांत येतं.

शेठ गुजराती. त्यांना एकच कोडं पडायचं. "बेन, एक वार मोठ्ठा कायदा केला ने? मग ए लोक दर वेळी नवा कागद कशाला काढते?"

मग मी टेबलावर फुगे मांडून समजवायचे. मोठा निळा फुगा म्हणजे मूळ कायदा. तो सगळ्या देशांचे मंत्री आणि तिथली निवडून आलेली संसद मिळून करतात. त्यात एवढंच म्हटलेलं असतं की खेळण्यानं मुलाला अपाय होता कामा नये. पण कुठलं द्रव्य किती चालेल, हे ठरवत बसायला त्यांना सवड नसते. ते काम ते आयोगाकडे, म्हणजे युरोपचा कारभार बघणाऱ्या मंडळाकडे, सोपवतात. आयोगाचे अधिकारी देशोदेशीचे तज्ज्ञ बोलावतात आणि पोटनियम करतात. हे छोटे लाल फुगे.

"अने मोठ्या लोकांना नाय आवडला तर?"

"तर ठरलेल्या मुदतीत नको म्हणायचं. पण नको म्हटलं तर सगळाच नको. त्यातला एक शब्द बदलता येत नाही. नाहीतर आयोगाला दिलेला अधिकारच काढून घ्यायचा."

"अने कोर्ट?"

कोर्टाची गोष्ट मला सगळ्यात आवडायची. एखादा देश कोर्टात जाऊन म्हणू शकतो की आयोगाला बारकावे ठरवायचा अधिकार दिला होता, मूळ कायद्याचा गाभा बदलायचा नाही. पटलं तर कोर्ट पोटनियम रद्द करतं. आणि रद्द केल्यानं भलताच गोंधळ होणार असेल, तर नवा नियम येईपर्यंत जुनाच चालू ठेवा असंही सांगतं. शेठ मान डोलवायचे आणि लाल फुगा टाचणीनं फोडायचे. तेवढाच त्यांचा विरंगुळा.

संध्याकाळी मी घरी जायचे, आणि घरी तर सगळे लाल फुगेच होते.

माझं सासर वाढवणच्या बाजूला, किनाऱ्यावर. सासरे घरच्या होडीचे तांडेल, म्हणजे होडी त्यांच्या शब्दावर चालायची आणि घरही. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातला बराच काळ परमुलखात. लग्न ठरताना माझ्या आईनं शिक्षणाचा विषय काढला, तेव्हा सासरे म्हणाले होते, "शिकलेली पोर हाय, नोकरी करू दे. घरचं सांभाळून." केवढा आनंद झाला होता मला! मूळ कायदा माझ्या बाजूनं होता.

‘घरचं सांभाळून’ म्हणजे काय, हे ठरवायचं काम मात्र त्यांनी थोरल्या दिरांवर सोपवलं. पहिल्या महिन्यात दीर उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, की रिक्षा गावातल्याचीच करायची. मग, वाटेत डहाणूच्या बाजारात थांबायचं नाही. मग, बोंबील सुकवायच्या दिवसांत ऊन उतरायच्या आत घरी. मालाच्या तपासणीसाठी मुंबईला जायचं निघालं तेव्हा, रात्र बाहेर काढायची नाही. एकेक नियम इतका बारीक, की त्यावरून भांडावं तर आपणच कजाग ठरावं. दीर वाईट नव्हते. आवाज चढवायचे नाहीत, जेवलीस का विचारायचे. म्हणून तर मला जास्त संताप यायचा. ओरडणाऱ्या माणसावर निदान उलट ओरडता येतं.

त्याच काळात वाढवणला होऊ घातलेल्या मोठ्या बंदराचा विषय गावात पुन्हा पेटला होता. सभेत दीर सगळ्यांत पुढे. "आमाला न इचारता वरच्या वर ठरवतात, आनी आमी फक्त हो म्हनायचं?" असं ते माइकवर बोलले की लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवायचे. शब्द खरे होते, फक्त त्यांच्या तोंडून ऐकताना माझे दात आवळले जायचे.

त्या पावसाळ्यात त्यांनी शेवटचा नियम काढला. दिवाळीपासून बोंबलांचा हंगाम संपेपर्यंत नोकरीला जायचं नाही, कारण सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि वलांडीवर माणूस पाहिजे. वलांडी म्हणजे बांबूंना दोऱ्या ताणून केलेला मासे सुकवायचा मांडव. गुडघे खरंच गेले होते. पण तिकडचा नाताळाआधीचा माल नेमका त्याच दिवसांत निघायचा. एवढे महिने गैरहजर राहिले असते तर शेठनी दुसरं कुणी बघितलं असतं, आणि मग ती नोकरी माझी राहिली नसती. मला ती नोकरी हवी होती. पगारापेक्षाही, दिवसातले काही तास मी कुणाची तरी सून नसायचे, म्हणून हवी होती.

आमच्या घरात एक रीत होती. नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहिला, की सासरे किनाऱ्यावर ओढलेल्या होडीला टेकून बसायचे आणि हंगामाची कामं वाटायचे. कोण होडीवर, कोण बाजारात, कोण वलांडीवर. त्याआधी घरातल्या प्रत्येकाला एकदा बोलायची पाळी मिळायची, सुनांनासुद्धा. पण एकदाच. आणि त्या दिवशी सासऱ्यांनी उच्चारलेला शब्द पुढच्या पुनवेपर्यंत मोडायचा नाही. दर्यासमोर दिलेला शब्द तो.

माझी पाळी आली. पदर घट्ट धरून मी उभी राहिले. पाठ केलेलं होतं सगळं.

"बाबा, तुम्ही म्हणाला होतात, नोकरी करू दे, घरचं सांभाळून. घरचं कसं सांभाळायचं ते भाऊजींनी ठरवायचं, हे मला मान्य. रिक्षा मान्य, बाजार मान्य. पण नोकरीच राहणार नाही असा नियम करायचा अधिकार तुम्ही त्यांना दिला होता का?"

दीर वाळूकडे बघत होते. सासरे नारळाचा तुकडा चघळत राहिले आणि मग म्हणाले, "नाय. तेवढा नाय दिला."

पदरावरची मूठ मी सैल केली.

"याचे नेम बंद," ते दिरांकडे बोट दाखवून म्हणाले. "सगळे. आता मीच ठरवतो." सासूबाई तोंड फिरवून हसल्या, ते मी पाहिलं. मला तिथंच नाचावंसं वाटलं.

"मग मी उद्या जाऊ ना कामावर?"

"थांब गो. घाईत कशाला? नीट बघून नवीन सांगतो. तवर घरात बस."

‘तवर घरात बस’, हा शब्द उच्चारून झाला होता. त्यांनाही ते तेव्हाच कळलं असावं, कारण त्यांची नजर दर्याकडे गेली. पण पुनवेचा शब्द होता आणि माझी पाळी संपली होती. पुढचा माणूस बोलायला लागला.

दुसऱ्या दिवशी शेठना फोन केला. जिंकल्याचं आधी सांगितलं. "सरस!" ते म्हणाले. "मग कधी येते?" मी फोन तोंडापासून लांब धरला. मला रडू फुटलं होतं आणि ते त्यांना ऐकू जायला नको होतं. दिवाळीच्या आत त्यांनी वापीचा एक मुलगा ठेवला. त्यांची चूक नव्हती.

नवा नियम काही आला नाही. सासरे होडीवर जात राहिले, आणि विचारलं की, "बघतो," म्हणायचे. बोंबील आले तशी मी सासूबाईंबरोबर वलांडीवर बसले. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एकदा अडकले की सुकेपर्यंत दोघांचीही सुटका नाही.

एक दिवस सासूबाईंनी गुडघा चोळत सहज विचारलं, "तुझ्या त्या युरोपात बी असंच का गो? जिंकला तो घरात बसतो?"

"नाही हो आई," मी म्हटलं, "तिकडं कोर्ट नियम रद्द करतं, पण नवा येईपर्यंत जुनाच चालू..."

आणि मी थांबले. हे मला पाठ होतं. शेठना किती वेळा मी टेबलावर फुगे मांडून सांगितलं होतं. जुने नियम तेवढे चालू ठेवा, शेवटचा काढा, एवढंच त्या दिवशी म्हटलं असतं तर त्या रिक्षातून, बाजारात न थांबता, मी रोज कामावर गेले असते. पाळी एकच होती, आणि ती मी जिंकण्यात घालवली.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. किती समजलं त्यांना, कुणास ठाऊक. टोपलीतून दोन बोंबील काढून त्यांनी माझ्या हातात दिले.

"येत्या पुनवेला माग," त्या म्हणाल्या.

नारळी पुनव लांब होती. मी जबडे अडकवले आणि जोडी दोरीवर टाकली.