रेघ गुडघ्याशी आली कशी

सुगंधाबाईला राग यायला वेळ लागत नाही, हे बोरटाकळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बत्तीस वर्षं तिनं अंगणवाडीत मदतनीस म्हणून खिचडी शिजवली, पोरांची नाकं पुसली आणि तेवढ्या काळात सात सरपंचांना तोंडावर सुनावलं. मेंढरं राखणाऱ्या घरातली बाई ती. तिला कागद दाखवून गप्प बसवता येत नाही. पण परवा मंगळवारी वेशीपाशी ती गप्प बसली.

झालं असं, की गावाला नवी अंगणवाडी मंजूर झाली आणि जागा ठरली ओढ्याकाठची, वेशीलगतची. म्हणजे जुनी अंगणवाडी होती तीच. एकोणीस वर्षांपूर्वी भर भाद्रपदात वरचा पाझर तलाव फुटला आणि भरदुपारी ओढा गावात शिरला. सुगंधाबाईनं कडेवर घेऊन, पाठीशी बांधून, पदराला धरून सतरा पोरं मारुतीच्या पारावर नेऊन ठेवली. अठरावी शालू, चार वर्षांची. खिचडी खाऊन धान्याच्या कोठीमागं झोपली होती. सुगंधाबाई तिच्यासाठी परत गेली, पण पाणी चढलं होतं, पाय टेकेना. ती वेशीपासूनच माघारी फिरली. त्यानंतर अंगणवाडी देवळाच्या सभामंडपात भरायला लागली.

पूर ओसरला की बोरटाकळीच्या बाया वेशीवर जमतात, पाण्याची ओटी भरतात आणि वेशीच्या दगडी खांबावर जिथवर गाळाची रेघ उठली असेल तिथं हळदीचा पंजा उमटवतात. इथवर आलीस, आता पुढं येऊ नको, असं पाण्याला सांगायचं. हळद चार दिवसांत धुऊन जाते. म्हणून शालूच्या वर्षी सुगंधाबाईनं पाथरवट बोलावला आणि पंजाखाली छिन्नीनं रेघ मारून घेतली. ह्या गावानं काय कमी बघितलंय? बहात्तरच्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली, गारपिटीनं मोसंबीच्या बागा झोडपल्या, तिची अकरा मेंढरं एका दुपारी आडवी झाली. त्यातल्या कशाचीच खूण राहिली नाही. ही रेघ तेवढी राहिली होती.

मंगळवारी इंजिनिअर जागा बघायला आला. सोबत सरपंच शिवशंकर, इस्तरीच्या कपड्यांत.

"साहेब, इथं पोरं बसवू नका," सुगंधाबाई म्हणाली. "डोक्यावरून पाणी जातं. खोटं वाटत असंल तर खांबावर रेघ हाय, बघा."

इंजिनिअर खांबापाशी गेला. रेघ होती. बरोबर त्याच्या गुडघ्याशी.

"आजी, एवढ्या पाण्यात पोरं कागदाच्या होड्या सोडतील. जोतं दोन फूट उंच घेऊ, मग तर झालं?"

शिवशंकर हसला. "काकू, शालूचं तुमच्या मनातून जाईना. म्हणून पाणी बी वरसावरसाला वाढून राह्यलंय."

गुरुवारी आखणी करायचं ठरवून ते गेले. सुगंधाबाई तिथंच उभी. रेघ तिनंच मारून घेतलेली, आणि ती गुडघ्याला होती. गुडघाभर पाण्याला भिऊन आपण माघारी फिरलो का? एकोणीस वर्षं आपण गावाला सांगतोय, शालूच्या आईला सांगतोय, की पाय टेकत नव्हता.

तिन्हीसांजेला ती सवयीनं वेशीवर दिवा लावायला गेली. खांबात देवळी आहे, दगडातच कोरलेला कोनाडा. सुगंधाबाईनं वाकून दिवा आत ठेवला आणि वाकलेली तशीच राहिली.

नवी नवरी होती तेव्हा ह्याच देवळीला तिचा हात पोचत नव्हता. सासूनं पायाखाली घ्यायला वीट दिली होती. म्हातारपणी माणूस खुजं होतं. मग देवळी वर जायला पाहिजे होती, ती कमरेशी कशी आली?

आणि मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रस्ता! पुरानंतर आधी मुरमाची भर पडली, मग खडी, मग डांबर, पुन्हा भर, त्यावर सिमेंट, सिमेंटवर सिमेंट. दरवेळी पुराच्या नावानं आलेल्या निधीतून, दरवेळी नारळ फोडून. अंकुशनगरच्या साखर कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या वेशीच्या कमानीला अडकायला लागल्या तेव्हा गावानं ड्रायव्हरांना शिव्या घातल्या आणि कमान उतरवून ठेवली. अरे, ट्रॉल्या तेवढ्याच होत्या. अख्खी वेस जमिनीत चालली होती आणि कुणाला पत्ता नव्हता. आणि तू गं, सुगंधे? रोज दिवा लावत होतीस, डोळे काय गहाण टाकले होते? सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचाच आला.

बुधवारी दिवस उगवायला तिनं पहार उचलली. खांबाला लागून सिमेंट संपत होतं, तिथं मुरमावर पहिला घाव घातला.

"आई, लोकं हसून राह्यलेत," तिचा मुलगा कल्याण म्हणाला.

"हसू दे. तू फावडं घे."

त्यानं थोडा वेळ इकडंतिकडं बघितलं आणि फावडं घेतलं.

गुरुवारी दुपारी गाडी आली तेव्हा सुगंधाबाई कमरेच्या वर खड्ड्यात होती.

"काकू, सरकारी रस्ता हाय," शिवशंकर ओरडला. "केस होईल तुमच्यावर."

"कर. आधी साहेबाला खाली उतरू दे." तिच्या पायाखाली जुना दगडी उंबरा लागला होता, कोरलेल्या कमळाचा. "ह्या उंबऱ्यावरून मी नवरी म्हणून आल्ते. पूर बी ह्याच्यावरूनच आल्ता. साहेब, उतरा. होड्या सोडायच्या व्हत्या न्हवं?"

इंजिनिअरनं शिवशंकरकडं बघितलं. मग बूट काढले आणि उतरला. सुगंधाबाईपेक्षा तो चांगला वीतभर उंच. रेघ त्याच्या भुवयांशी आली. त्यानं रेघेवरून बोट फिरवलं.

"पोरं किती वर्षांची असतात?" त्यानं हळूच विचारलं. त्याला माहीत नव्हतं असं नाही.

"तीन. चार."

तो वर चढला. आखणीसाठी आणलेलं चुन्याच्या फक्कीचं पोतं त्यानं स्वतः उचलून गाडीत परत टाकलं. शिवशंकर त्याच्या मागं मागं जाऊन दुसऱ्या जागांना मालक आहेत, खर्च वाढेल, असलं काहीबाही सांगत राहिला.

"आई, चल वर. बुजवून टाकू," कल्याण म्हणाला.

"बुजवायचं न्हाई. ज्याला बघायचंय त्यानं उतरून बघावं."

तो फावडं घेऊन बाजूला झाला. सुगंधाबाई खांबाकडं वळली. हळद नव्हती, तर मुरमानं माखलेला हात तिनं डोक्याच्या वर नेला आणि रेघेवर दाबून धरला. दोन दिवस ओठ आवळून आवरलेलं रडू आता फुटलं.

"गुडघाभर न्हवतं गं शालू," ती म्हणाली. "बघ, न्हवतं गुडघाभर."