दोन केबल, एक खांब

डिसेंबरचा पहिला मंगळवार, सकाळी साडेदहा. ठिकाण नागपूरकडचं शहापूर, हायवेलगतच्या गल्लीतली कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट. हजर: संचालक मेश्राम सर, लॅब सांभाळणाऱ्या कुंदाताई, केबल ओढणारा भोजराज आणि नेटवर्कचं काम घेतलेली मी.

मी मेन राऊटरचा प्लग उपटला. चौघंही स्क्रीनकडे बघत राहिलो. पान अडकलं. मी मनात आकडे मोजत होते. अकराव्या आकड्याला पान पुन्हा हललं.

"झालं?" मेश्राम सरांनी विचारलं.

"झालं. आता दुसरा राऊटर काम करतोय."

याला फेलओव्हर म्हणतात. इंटरनेटच्या दोन लाइन, दोन राऊटर. लॅबमधल्या सगळ्या कॉम्प्युटरना बाहेर जायचा एकच पत्ता दिलेला असतो. मेन राऊटर दर सेकंदाला दुसऱ्याला 'मी आहे' असा निरोप पाठवतो. निरोप थांबला की दुसरा तो पत्ता आपल्याकडे घेतो. कॉम्प्युटरला काही कळतही नाही.

रविवारी इथे ऑनलाइन भरती परीक्षा होती. केंद्र पहिल्यांदाच मिळालं होतं, तेही अटीवर. इंटरनेट पाच मिनिटांच्या वर बंद राहिलं तर केंद्र रद्द, आणि इथल्या पोरापोरींना पुन्हा नागपूर गाठणं आलं.

"माझा पेपर असाच हुकला होता मॅडम," सर म्हणाले. "पहाटेची बस धरली, तरी पोचलो तं गेट बंद."

कुंदाताई अजून राऊटरकडेच बघत होत्या. "एक विचारू का? राऊटर चालू आहे, पण बाहेरची लाइनच मेली तं? हा आपला 'मी आहे, मी आहे' म्हणतच राहीन नं?"

बरोबर विचारलं. ते माझ्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर होतं, पण त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. मी मेन राऊटरला बाहेरचा एक लांबचा पत्ता दिला. त्याला दर दोन सेकंदांनी हाक मारायची. सलग तीनदा उत्तर आलं नाही तर स्वतःहून बाजूला व्हायचं. राऊटर चालू ठेवून बाहेरून येणारी केबल काढून पाहिली. चाललं. वहीत टिक केली.

दुपारी तीनला दोन्ही लाइन एकदम गेल्या.

दोन्ही केबलच्या डब्यांवर लाल दिवा. म्हणजे फायबरच्या काचेच्या तारेतून प्रकाशच येत नाही. माझ्या सेटिंगचा दोष नाही. दोन्ही कंपन्यांना फोन लावले. दोघींचं उत्तर एकच: आमच्याकडून सगळं ठीक आहे. वेगळ्या कंपन्या, वेगळी ऑफिसं, मग एकाच मिनिटाला दोघी कशा जातील? मला राग येण्यापेक्षा नवल जास्त वाटत होतं.

"चला, तारेच्या मागे मागे जाऊ," मी म्हटलं.

फार जावं लागलं नाही. दुसऱ्या खांबाखाली दोन्ही केबल लोंबत होत्या आणि टोकांना धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अडकलं होतं. रस्त्यावरही तणसाची रेघ पार वळणापर्यंत गेलेली. ट्रॉली उंच भरलेली असणार. ट्रॅक्टरवाल्याला कळलंही नसेल.

मी केबल हातात घेतली. दोन्ही एकमेकींना पिळून, हात-हात अंतरावर पट्टीनं बांधलेल्या होत्या. काम फार नीट केलेलं.

"भोजराज, दोन्ही कंपन्यांचं काम तुम्हीच करता?"

"हाव जी. इकडं सगळ्या कंपन्यांचं मीच पाहतो."

"आणि या एकत्र काहून बांधल्या?"

"एकटी केबल हवेनं झुलते मॅडम. सोबत बांधल्या का एकमेकीले धरून रायतात."

"आन् पडल्या तं सोबतच पडतात," कुंदाताई म्हणाल्या.

भोजराज हसला नाही. मशीन आणून त्यानं संध्याकाळपर्यंत दोन्ही तारा जोडल्या.

मी वही उघडली. 'कंपनी वेगळी' टिक. 'केबल वेगळी' टिक. 'रस्ता वेगळा' असा रकानाच मी आखला नव्हता. चूक त्याच्या एकट्याची नव्हती.

उपाय सोपा होता. दुसरी केबल मागच्या गल्लीतून आणायची. तिथे चौरागडे काकूंच्या गोठ्यावरून तार न्यावी लागणार होती. आम्ही गेलो तेव्हा काकू गोठ्याच्या छपरावर तणस रचून घेत होत्या.

"आताच तार कायले ओढता?" त्या वरूनच म्हणाल्या. "माझं रचून होऊ द्या, मंग या. नाही तं तुमची तार तणसातच गाडल्या जाईन."

"कधी होईल काकू?"

"अजून चार ट्रॉल्या यायच्या आहेत."

म्हणजे रविवारच्या आत होणार नव्हतं. भोजराजनं खांबावरच्या केबल सोडवून वेगवेगळ्या केल्या आणि शक्य तेवढ्या वर चढवल्या. पण खांब एकच राहिला.

रविवारी मेश्राम सर खांबाजवळ खुर्ची टाकून बसले. हातात लाल ओढणी, कुंदाताईंची. तणसाच्या दोन ट्रॉल्या आल्या. दोन्ही त्यांनी थांबवल्या.

"काहून अडवता सर?"

"पेपर सुरू आहे."

"रस्त्यावर?"

"तिथं, आत. दुसऱ्या गल्लीनं घे."

ट्रॅक्टरवाल्यानं एकदा खांबाकडे, एकदा सरांकडे पाहिलं आणि कुरकुरत ट्रॅक्टर मागे घेतला.

परीक्षा पूर्ण झाली. मी लॉग तपासला. एकदाही लाइन गेली नव्हती, दुसऱ्या राऊटरला संधीच मिळाली नाही. पोरं बाहेर पडली तेव्हा सर खुर्ची घडी करत होते. पेपर कसा गेला, एवढंच त्यांनी दोघातिघांना विचारलं.

तेव्हापासून मी दोन लाइन जोडायच्या आधी दोन्हींच्या मागे पायी चालून येते. कंपन्यांची नावं वेगळी असली म्हणून वाट वेगळी असते असं नाही.

वहीत त्या कामाचा सातवा क्रमांक असा आहे: 'दुसरी केबल, मागच्या गल्लीतून.' पुढची जागा रिकामी आहे. काकूंचं तणस रचून झालं. आता त्या म्हणतात, गाय व्यायला झाली आहे, एवढ्यात गोठ्यावर चढू नका.