भिकाबाईनं लपवलेलं बोलणं

भिकाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका शेळीला शिव्या देत होती. शेळीनंही ऐकून घेतलं, हे विशेष. जीपमधून उतरतानाच मी ठरवलं, आपल्याला हीच बाई पाहिजे.

ही गोष्ट २००२ सालची. मी हिंगोलीच्या एका संस्थेत पर्यवेक्षक होते. मुंबईच्या एका धर्मादाय फाउंडेशननं आम्हाला तीन वर्षांचं अनुदान दिलं होतं. काम ऐकायला सोपं होतं : घरोघरी जाऊन आयांना सांगायचं, लहान लेकराशी बोला, खेळा. पुसेगावच्या पुढे असलेल्या भिकाबाईच्या तांड्यावर ते सांगायला तिथलीच बाई हवी होती. भिकाबाईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण तोंड मात्र तिला देवानं सढळ हातानं दिलं होतं.

"जे बोलत न्हाई त्याच्यासंग काय बोलावं?" आया हसायच्या.

"शेळीसंग बोलतीस, बैलासंग बोलतीस, मंग लेकरासंगच काहून न्हाई?" भिकाबाई विचारायची आणि चुलीजवळ बसकण मारायची. भाकर थापताना लेकराला पीठ दाखव, पाणी दाखव, नाव सांग. तिचा अभ्यासक्रम एवढाच. आमची छापील पुस्तिका तिनं डब्याखाली ठेवली होती, डबा डगमगू नये म्हणून.

तिची नात मिना, म्हणजे तिच्या मुलाची, हरिचंदची थोरली लेक, दोन वर्षांची होऊनही बोलत नव्हती. बाया तिला मुकी म्हणायला लागल्या होत्या. भिकाबाईनं तिला सहा महिने कडेवरून उतरवलं नाही आणि स्वतःचं तोंडही मिटलं नाही. एका सकाळी मिना म्हणाली, "शेळी पळाली." शेळी खरोखरच पळाली होती. तिच्यामागे धावायचं सोडून भिकाबाई अंगणात रडत बसली.

दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला निघायचा. पूर्वी लेकरंही जायची आणि सहा महिने बैलगाडीखाली धुळीत पडून राहायची. अनुदानामुळे भिकाबाईला मानधन होतं, लेकरांना खिचडी होती. म्हणून दूध सुटलेली अकरा लेकरं आता मागे तिच्याजवळ राहू लागली होती.

तिसऱ्या वर्षी, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, फाउंडेशनची माणसं पाहणीला येणार होती. पुढची तीन वर्षं त्यावर ठरणार होती. मी आदल्या दिवशी तांड्यावर जाऊन सांगितलं, "सगळं नीटनेटकं ठेवा. मोठी माणसं येऊन राहिलीत." काय पाहायला येणार, ते सांगायचं मला सुचलंच नाही. एवढं शिकून मी एवढी बावळट.

पाहुणे आले, एक साहेब आणि एक बाई. अंगण सारवलेलं, खेळणी धुऊन मांडलेली. पाच लेकरं ओळीनं बसवली होती, गालाला काळी तीट लावून. बाईंनी चित्र दाखवलं, "हे काय आहे, बाळा?" एकही लेकरू बोललं नाही. दुसरं चित्र, तिसरं चित्र. शेवटी एक लेकरू रडायला लागलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मिना कुठंच दिसली नाही. "मामाच्या गावाला गेली," भिकाबाई म्हणाली.

जीप गेल्यावर तुरीच्या शेतातून मिना आणि आणखी सहा लेकरं आपापल्या आईच्या कडेवर बडबडत परतली. मी भिकाबाईवर ओरडले. त्या वयाच्या बाईवर, चारचौघांत.

ती गोंधळून म्हणाली, "निर्मलाबाई, काम दाखवलं ना आमी? बोलकं लेकरू परक्या माणसापुढं कसं ठेवावं? नजर लागली अन् पुन्हा मुकी झाली तं? तिचं पाहून समद्यांनी आपापली लपवली. जी बसवली त्यांनाबी म्हणलं, गप ऱ्हावा."

माझ्या मुलीचा दहावीचा उत्तम निकाल मी स्वतः शेजारणीपासून आठ दिवस लपवला होता.

मी मुंबईला दोन पत्रं लिहिली. उत्तर सभ्य होतं : मुलांच्या भाषेत अपेक्षित प्रगती आढळली नाही. अनुदान बंद झालं. त्या दिवाळीनंतर तांड्यावर कुणी उरलं नाही. मानधन गेलं तशी भिकाबाईही कोयता घेऊन निघाली.

२००८ साली दुसऱ्या कामानिमित्त सेनगावला गेले होते. वाट वाकडी करून तांड्यावर गेले. उन्हाळा होता, माणसं ऊसतोडीवरून परतली होती. भिकाबाईचे गुडघे गेले होते. मिना शाळेत जात होती आणि वर्गात फार बोलते म्हणून मार खात होती. मला हसू आलं, पण भिकाबाई हसली नाही.

तिच्या मांडीवर हरिचंदचा धाकटा होता, कुलदीप. तीन वर्षं पूर्ण झालेली. त्याचे तीन हंगाम उसाच्या फडात गेले होते. दिवसभर आई-बाप आणि आजी तोडीला, आणि हा गाडीखाली. मी त्याला हाक मारली. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"एक शब्द न्हाई बोलत," भिकाबाई म्हणाली. "दिसभर कोयता चालवून आलं की माझ्याच्यानंबी बोलणं होत न्हाई."

बराच वेळ ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. गालावर तीट नव्हती. मग तिनं त्याला उचलून माझ्यासमोर बसवलं, अगदी समोर, उजेडात.

"आता बलवा तुमच्या सायबाला," ती म्हणाली. "ह्याला न्हाई लपवत मी."