सावळारामची तार

सावळाराम वडगाव रासाईचा. कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यात वायरमन आणि सुट्टीच्या दिवशी सरकारी परवाना असलेला हौशी रेडिओवाला. जेवणाच्या डब्याएवढ्या, पाच वॅटच्या सेटवर तो मोर्सच्या सांकेतिक भाषेत टकटक करत परमुलखाशी बोलायचा. गेल्या वर्षी त्याने जपान गाठल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांच्या रेडिओ क्लबचा अध्यक्ष विक्रम, दौंडकडचा बडा बागायतदार, भर सभेत म्हणाला, "पाच वॅटमधी शेजारचा ऊस वलांडत न्हाई, आन् ह्यो निघाला जपानला. लबाड हाय." सगळे हसले. सावळारामने त्या दिवसापासून विक्रमवर दात धरला.

यंदा नदीकाठी क्लबची स्पर्धा ठरली. पाच वॅटच वापरायचे, अँटेना ज्याचा त्याने आणायचा. सावळारामकडे दोन होते. एक घडीची दांडी, मिनिटात उभी राहणारी, पण आखूड. निम्मी ताकद तीच गिळायची. दुसरी दहा मीटर तार, खिशात मावणारी, पण उंच टांगावी लागणारी. महिनाभर त्याने शेतात दोन्ही आलटूनपालटून लावून पाहिल्या. दांडीवर श्रीलंका, तारेवर जपान.

राहिला प्रश्न उंचीचा. नदीकाठच्या निलगिरीच्या झाडावर चढणार कोण? त्याची आई रतनबाई जिने ज्वारी राखायची, ती गोफण तो स्पर्धेला घेऊन आला. दगडाला दोरी बांधून त्याने अशी भिरकावली, की पहिल्याच फेकीत दोरी शेंड्यावरून पलीकडे. मागोमाग तार वर गेली.

विक्रमने गाडीच्या टपावर महागडी दांडी लावली होती. दोन तास हाका मारल्या, कुणी दाद दिली नाही. इकडे सावळारामला जपान लागलं. त्याने कानावरचा हेडफोन काढून पुढे केला.

"या विक्रमराव. ऐका."

विक्रमने ऐकलं. पलीकडचा माणूस सावळारामच्याच परवान्यावरची खूण परत टकटकवत होता. विक्रमचं तोंड उतरलं. हळूच म्हणाला, "सावळाराम, माझा सेट लावू दे की तुझ्या तारंला. पाचच मिनटं. लोकं बघत्यात."

"बघू द्या की," सावळाराम म्हणाला आणि त्याने दोरी सोडली. तार गवतात पडली. ती तो सावकाश, हातावर वेढे घेत, विक्रमच्या डोळ्यांदेखत गुंडाळत बसला.

स्पर्धा संपायला अजून तीन तास होते. पहिला नंबर भलत्यालाच गेला. सावळारामला त्याचं सोयरसुतक नव्हतं. घरी जाताना त्याला एकाच गोष्टीची चुटपुट लागली, की विक्रमने एकदाच मागितलं.