हलक्या सायकली

मिस्त्रीचं पोट एकाच माणसावरून दुखायचं, आणि तो माणूस म्हणजे त्याचा थोरला साडू. बाकी जगाचं कितीही भलं होवो, मिस्त्रीला त्याचं काही नव्हतं. शेजाऱ्यानं दुमजली घर बांधलं तेव्हा जिन्याचा कठडा यानंच हौसेनं जोडून दिला. पण साडूनं नुसता नवा चष्मा घेतला तरी याला जेवण जाईना.

दोघी बहिणींची लग्नं एकाच दिवशी लागली, आणि सासूबाईंनी त्याच दिवसापासून मोजमाप सुरू केलं. थोरल्या जावईबापूंनी हे घेतलं, थोरले जावईबापू तिकडे जाऊन आले. धाकटे जावईबापू मात्र पत्र्याच्या शेडमध्ये लोकांच्या गाड्यांना सामानाचे रॅक, शिड्या आणि ओढायचे हूक बसवत राहिले. गाववाल्यांच्या सहली त्याच्याच दारातून निघायच्या आणि हा हात पुसत बघत उभा राहायचा. पुढच्या वर्षी आपणही जाऊ, असं तो बायकोला दरवर्षी सांगायचा. हल्ली ती त्यावर नुसतं "हं" म्हणायची.

अशात एका सकाळी शेडसमोर साडूचं मोटरहोम येऊन उभं राहिलं. आत पलंग, ओटा, न्हाणी, खिडक्यांना पडदे, म्हणजे चाकांवर अख्खं घर. मागे रॅक आणि शेजारी रस्त्यावर उभ्या केलेल्या दोन कोऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या सायकली. एक निळी, एक पांढरी. मिस्त्रीच्या छातीत कळ आली म्हटलं तरी चालेल.

"पहिल्याच फेरीला तुमच्या हिला घेऊन चाललोय," साडू म्हणाला. "दोघी बहिणी गप्पा मारतील. तुम्हीपण चला की!"

"मला कामं आहेत," मिस्त्री म्हणाला. कामं कसली, सकाळपासून तो माशा मारत होता. बायको मात्र भरलेली पिशवी घेऊन बाहेर आली. तिनं ती आदल्या दिवशीच भरली होती, हे त्याला तेव्हा कळलं.

"मिस्त्री, निघण्याआधी सायकलींवर एक नजर टाका ना," साडू म्हणाला.

दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर मिस्त्रीनं त्याला सोडलं नसतं. या सायकली वजनाला जड, तेव्हा बॅटऱ्या काढून आत ठेवा. जास्त जड असेल ती गाडीच्या अंगाला, दुसरी बाहेर. प्रत्येकीला दोन पट्टे, आणि थोडं अंतर गेल्यावर थांबून पट्टे परत आवळा. हे सगळं त्यानं झोपेतही सांगितलं असतं. पण समोर साडू होता. मिस्त्रीनं निळ्या सायकलीच्या रंगावरून बोट फिरवलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, "हलक्या आहेत हो, साडूबुवा."

टोमणा मारून तो तडक आत गेला आणि ग्राइंडर चालू केला. ती वरात जाताना त्याला बघायची नव्हती. आत वळताना साडूचा चेहरा खुललेला दिसला, तेव्हा तो मनात म्हणाला, या माणसाला टोमणासुद्धा लागत नाही!

दुपारी बायकोचा फोन आला. "ऐकलंत का? भाऊजी तुमच्यावर खूश आहेत. बॅटऱ्या काढायचा किती व्याप झाला असता! मिस्त्री हलक्या म्हणाले म्हटल्यावर तशाच चढवल्या. एकेका पट्ट्यावर भागलं."

मिस्त्रीला घाम फुटला. खरं सांगायचं तर क्षणभर त्याला बरंही वाटलं. निळी सायकल डांबरावर आपटून तिचा रंग खरवडला जातोय, असं त्यानं डोळ्यांसमोर पाहूनही घेतलं. मग त्याच रस्त्यावर मागून येणारा कुणीतरी दुचाकीवाला दिसला, त्याच्या मागे बसलेली बाई दिसली.

"आधी गाडी थांबवा!" तो ओरडला. "बॅटऱ्या काढा, दुसरे पट्टे लावा."

"अहो, तुम्हीच तर हलक्या म्हणालात," स्पीकरवरून साडूचा आवाज आला. "आता मुक्कामालाच बघू."

"हलक्या म्हणजे वजनाला नव्हे. मालाला म्हणालो."

पलीकडे इंजिनाचा आवाज तसाच चालू होता.

"आणि तेही खोटं. माल एक नंबर आहे. तुमचं वैभव बघून मी जळलो, साडूबुवा. आता तरी थांबा!"

चाकाखाली खडी करकरली. इंजिन बंद झालं.

"रॅक खाली झुकलाय," मागे जाऊन बघून आल्यावर साडू म्हणाला. त्याचा आवाज कोरडा होता. "पट्टा सुटत आलाय. काय करायचं ते सांगा."

मिस्त्रीनं एकेक करून सगळं सांगितलं. सायकली खाली उतरल्या. मग फोन पुन्हा बायकोकडे आला. ती म्हणाली, "इथे तळं आहे. ताई म्हणतेय, उतरवल्याच आहेत तर बॅटरी काढायच्या आधी एक चक्कर मार. निळी घेते मी."

"पडशील," मिस्त्री म्हणाला.

फोन बंद करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. तिनं तो ओढणीत की खिशात कोंबला असावा. खरखर झाली, ताईनं "अगं, पुढे बघ!" म्हणून हाक मारली, आणि मग बायकोचं हसणं ऐकू आलं. मोठं, गडगडाटी हसणं. इतक्या वर्षांत तिनं घरात कधीच असं हसून दाखवलं नव्हतं. मिस्त्रीला त्या क्षणी साडूचं काहीच नको होतं. फोन कानाला घट्ट लावून तो शेडमध्ये उभा राहिला, आणि जन्मात पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या बायकोचा हेवा वाटला.