देवीचे डोळे राजाबाईचे

बदलापूर गावातल्या हिरामणच्या मूर्तिशाळेत विष्णू आणि लक्ष्मी एकाच साच्यातून निघत. प्लास्टर वाळलं की चेहरा ना देवाचा असे, ना देवीचा. पुढचं सगळं ब्रशचं काम. विष्णूची नजर सरळ, समोर. लक्ष्मीची नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्यावर. डोळे टक्क उघडायची मुभा एकट्या महिषासुरमर्दिनीला, तीही हातात त्रिशूळ आहे म्हणून. हिरामणच्या बापाने घालून दिलेला हा नियम कुणी मोडत नसे.

दुसरा नियम त्याहून कडक. डोळ्यांची आखणी पुरुषानेच करायची, उपाशीपोटी, दार लावून. बाईने मूर्तीच्या साड्या रंगवाव्यात, दागिने रंगवावेत, पण डोळ्यांना ब्रश लावायचा नाही.

आणि चौऱ्याऐंशी साली हिरामणला कंपवात झाला. चहाची बशीसुद्धा हातात ठरेना, तिथे बुबुळ कसलं काढतो! त्या वर्षी त्याने दार लावून घेतलं आणि ब्रश बायकोच्या, राजाबाईच्या हातात दिला. तो स्टुलावर बसून राही, ती आखणी करी. दार उघडलं की लोक हिरामणच्या पाया पडत. उल्हासनगर कॅम्प तीनच्या मंडळाने तर देवीच्या डोळ्यांसाठी त्याला स्टेजवर बोलावून शाल घातली. राजाबाई खाली बायकांत बसून टाळ्या वाजवत होती. घरी आल्यावर तरी तो एक शब्द बोलेल, असं तिला वाटलं होतं. तो शाल घडी करून झोपला. नऊ वर्षं तिने त्या एका शब्दाची वाट पाहिली आणि त्र्याण्णवच्या आषाढात तो न बोलताच गेला.

नवरात्राला आठवडा उरला तेव्हा कॅम्प तीनच्या मंडळाचा अध्यक्ष कमळाकर देवी बघायला आला. मूर्ती तयार होती, फक्त देवीचे आणि तिच्या पायाखालच्या महिषासुराचे डोळे कोरे.

"आखणी कोण करणार आता?" त्याने हिरामणच्या धाकट्या भावाला, बाळाजीला विचारलं.

"मी करते," राजाबाई म्हणाली. "नऊ वर्सं मीच करतेय. त्यांचा हात चालत नव्हता."

बोलून गेल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. पण कमळाकरचा चेहरा पडला.

"काकी, मजाक नका करू. बाईच्या हातची आखणी? चार दिवस बाहेर बसायचं असतं तेव्हा पण? म्हणजे नऊ वर्षं आम्ही विटाळाची देवी पुजली? हे बाहेर गेलं ना, तर तुमच्याकडून कोण मूर्ती नेणार नाय."

"वैनी दुःखात कायबी बोलते," बाळाजी घाईने म्हणाला आणि तिच्याकडे वळला. "सांग ना वैनी. दादाच करायचा ना?"

राजाबाईने आजूबाजूला पाहिलं. साच्यांवर वाकलेली बाळाजीची बायको थांबली होती. पाच माणसांचं घर या मूर्तींवर चालत होतं. नवरा जाऊन तीन महिने झाले होते, आणि दिराच्या दारातच तिला म्हातारपण काढायचं होतं.

"हो," ती म्हणाली. "तेच करायचे. मी नुसते रंग कालवायची."

कमळाकरने सुटकेचा निःश्वास टाकला. हिरामणदादांसारखा कलाकार पुन्हा होणे नाही, असं म्हणत त्याने भिंतीवरच्या फोटोला हात जोडले. राजाबाईला रडू आलं. ते नवऱ्यासाठी आहे असं समजून बाळाजीच्या बायकोने तिला पाणी आणून दिलं.

बाळाजीने उपास धरला. मूर्तीपाशी जाताना त्याला वहिनीची दया आली असावी. त्याने काळ्या रंगाची वाटी तिच्यापुढे सरकवली.

"तू राक्षसाचे डोळे काढ, वैनी. त्याला विटाळ नसतो."